राजाबाई टॉवर कोणाच्या पैशाचा?

मार्गशीर्ष उजाडला की आमच्या शाळेत सहलीचे वारे वाहू लागते. खानदेशातले आमचे गाव आडवळणाचे. बहुतेक मुलांनी समुद्र पाहिला तो पुस्तकातल्या चित्रात. त्यामुळे ‘यंदा कोठे जायचे?’ असे विचारताच वर्गातून एकच आरोळी उठते, ‘मुंबई!’ मग एस.टी. ठरते, वर्गणी जमते, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली जाते आणि पहाटे कसाऱ्याचा घाट उतरून आमची वरात मुंबापुरीत दाखल होते. राणीचा बाग, गेटवे, म्युझियम आणि चौपाटी झाली की पुण्य पदरात पडले. वाटेत ओव्हल मैदानापाशी गाडी पाच मिनिटे थांबते. तेथे राजाबाई टॉवर दाखवायचा असतो.

मी चित्रकलेचा मास्तर. पोटापाण्यासाठी मुलांना छाया-प्रकाश शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. मला स्वतःला हा मनोरा फार आवडतो. कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचे ते उंच, निमुळते होत गेलेले काम, त्यावरची कोरीव नक्षी, रंगीत काचांच्या खिडक्या आणि समोरचे माडांचे उंच झाड यांत दुपारचे ऊन कलू लागले की चितारणाराचे बोट शिवशिवते. म्हणून या टॉवरवर मी रुष्ट आहे असा कोणी समज करून घेऊ नये. माझे भांडण दगडाशी नाही. त्या दगडाची जी कथा आपण मुलांना सांगतो, तिच्याशी आहे. ती कथा मीही कित्येक वर्षे सांगत आलो, म्हणून हे भांडण आधी माझे माझ्याशीच आहे.

ती कथा वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. गेल्या सहलीत आम्ही बरोबर एक माहितगार गृहस्थ घेतले होते. त्यांनी मैदानाच्या कठड्याशी उभे राहून ती अशी सांगितली. ‘मुलांनो, हा राजाबाई टॉवर. उंची २८० फूट. लंडनच्या बिग बेनच्या धर्तीवर बांधलेला. शेठ प्रेमचंद रायचंद म्हणून मोठे दानशूर गृहस्थ होऊन गेले. त्यांच्या मातोश्री राजाबाई यांना डोळ्यांनी दिसत नसे. जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले पाहिजे. पण वेळ कशी कळणार? म्हणून मुलाने आईसाठी हा टॉवर बांधला. टोले पडले की आईला वेळ कळे. केवढी ही मातृभक्ती! वाजवा टाळ्या!’

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गाडीत चढण्यासाठी रांग लागली, तेव्हा आठवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘सर, एवढा पैसा त्या शेठजींजवळ आला कोठून?’

मी म्हणालो, ‘व्यापार होता त्यांचा.’

‘कशाचा?’

‘कापसाचा, शेअरचा.’

ती क्षणभर थांबली. ‘म्हणजे आपल्याकडच्या कापसाचा?’

‘असेल,’ मी म्हणालो आणि तिला गाडीत चढवले.

त्या मुलीच्या घरी मी गेलेलो आहे. दोन खोल्यांपैकी एक दिवाळीपासून कापसाने आढ्यापर्यंत भरलेली असते. भाव येईल या आशेने बाप तो विकत नाही आणि अंथरुणे उरलेल्या खोलीत पसरतात. अशा घरातून आलेल्या मुलीला मी ‘असेल’ असे उत्तर दिले! परतीच्या वाटेवर साऱ्या गाडीला झोप लागली, मला लागली नाही. गावी आल्यावर तालुक्याच्या वाचनालयात बसून, मिळतील ती पुस्तके चाळून, मी तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधले. ते येथे मांडतो.

१८६१ साली अमेरिकेत उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या संस्थानांत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेत गुलामांच्या श्रमावर कापूस पिके आणि तो इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना जाई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि त्या गिरण्यांचा घास तुटला. मग इंग्रजाला हिंदुस्थानच्या कापसाची आठवण झाली. गुजरात, काठेवाड, धारवाड, वऱ्हाड आणि आमचा खानदेश येथला कापूस मुंबईच्या धक्क्यावरून विलायतेस धावू लागला. भाव दोन-तीन वर्षांत कित्येक पटींनी चढले. गंमत अशी, की लँकेशायरच्या बाजारात या साऱ्या कापसाला सरसकट ‘सुरती’ म्हणत. म्हणजे माल आमचा, पण बाजारात पोचेपर्यंत त्याचे गावही पुसले गेलेले!

मुंबईत पैशाचा पूर लोटला. तो पूर जिरवायला जागा हवी, म्हणून बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन काढण्याची कंपनी निघाली आणि तिचे हिस्से मूळ किमतीच्या कित्येक पट दराने हातोहात खपू लागले. सकाळी कारकून, संध्याकाळी शेठ असे ते दिवस होते. त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते प्रेमचंद रायचंद. सुरतेहून आलेले, इंग्रजी जाणणारे, विलक्षण बुद्धीचे दलाल. याच भरतीत, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. पाठोपाठ आईच्या नावाने मनोरा बांधावा म्हणून आणखी दोन लाख दिले.

पुढच्याच वर्षी, १८६५च्या एप्रिलात, अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्र खाली ठेवले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार म्हणताच आमच्या कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस मुंबईत काळा दिवस ठरला. कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या, बँक ऑफ बॉम्बे त्यातून सावरली नाही आणि १८६८ साली तिच्या जागी नवी बँक उभारावी लागली. खुद्द प्रेमचंदशेठ बुडाले. पुढे ते पुन्हा उभे राहिले, हे त्यांच्या कर्तबगारीचे. पण विद्यापीठाला दिलेला पैसा त्या बुडीपूर्वीचा होता, तो शाबूत राहिला. १ मार्च १८६९ रोजी मनोऱ्याची कोनशिला बसली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पुरे झाले. एकूण खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला.

आता आईच्या जेवणाची गोष्ट पाहू. देणगी १८६४ची, टोला पडला १८७८ साली. ती माउली काय चौदा वर्षे वेळ कळण्याची वाट पाहत बसली होती? मुलाने आईचे नाव अमर केले, एवढे पुरेसे नाही काय? आईवरचे प्रेम खरे मानायला मला मुळीच अडचण वाटत नाही. अडचण वाटते ती याची, की या गोड गोष्टीने मुलांचे तोंड बंद होते. ‘आईसाठी बांधला’ म्हटले की पुढचा प्रश्न विचारणे जणू आईचाच अपमान!

आणि पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. १८६९ ते १८७८ या दहा वर्षांत ओव्हलसमोर हा मनोरा थराथराने वर चढत होता. त्याच दहा वर्षांत घाटावर काय घडत होते? मी मुलांना चित्र काढायला सांगतो तेव्हा म्हणतो, ‘एक वस्तू काढू नका, तिच्या शेजारची वस्तूही काढा, त्याशिवाय मोठी-लहान कळत नाही.’ सनावळीलाही हाच नियम लावून पाहा.

युद्धाच्या वर्षांत सावकारांच्या पेढ्या सैल सुटल्या होत्या. कापूस पेरणाऱ्यालाच नव्हे, त्याच्या शेजारपाजारच्या मुलखालाही कर्ज सहज मिळे. भाव कोसळला तशी सावकाराने मूठ आवळली. तशातच सरकारने जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी करून तो वाढवला. कुणब्याच्या हाती राहिला तो अंगठा उठवलेला रोखा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. बघता बघता ते लोण पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. लोकांचा रोख माणसांच्या जिवापेक्षा कागदांवर होता, हे ध्यानात घ्या. शेवटी १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

दंग्यांची राख निवते न निवते तोच १८७६ सालचा पाऊस गेला. १८७६ ते १८७८ हा दख्खनचा महादुष्काळ. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि आमचे घाटावरचे जिल्हे त्यात होरपळले. पन्नास लाखांहून अधिक माणसे त्या दुष्काळात मेली असे मानतात. तेव्हा हिंदुस्थान सरकारने दुष्काळाच्या पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल या गृहस्थांना धाडले होते. खर्च वाचवणे हे त्यांचे ब्रीद. १८७७च्या आरंभी त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या पुरुषाची रोजची मजुरी उतरवली. एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी! या मजुरीवर जगता येत नाही म्हणून आमच्या इलाख्यात लोक कामे सोडून निघाले. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले.

हेच टेंपलसाहेब १८७७ साली मुंबईचे गव्हर्नर झाले. गव्हर्नर तोच विद्यापीठाचा कुलपती, असा तेव्हाचा कायदा. म्हणजे १८७८च्या नोव्हेंबरात राजाबाई टॉवर पुरा झाला तेव्हा त्या विद्यापीठाच्या सर्वोच्च आसनावर कोण होते? तर एक पौंड धान्य आणि एक आणा ठरवणारे गृहस्थ.

मी मास्तर आहे, हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. रुपयाचे सोळा आणे. साडेपाच लाख रुपये म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख आणे. दुष्काळी कामावरच्या एका माणसाच्या रोजच्या रोख मजुरीने मोजले तर हा मनोरा अठ्ठ्याऐंशी लाख दिवसांचा आहे. मनोरा बांधला नसता तर दुष्काळ टळला असता असे माझे म्हणणे मुळीच नाही. इतका बाळबोध मी नाही. पैसा निराळ्या खात्यातला होता, दान निराळ्या हेतूचे होते, हे मला कळते. मी एवढेच म्हणतो, की हे दोन आकडे एकाच देशाचे आणि एकाच काळाचे आहेत. तेव्हा ते एकाच फळ्यावर लिहिले पाहिजेत.

हे सारे मी शिक्षकांच्या खोलीत बोलून दाखवले, तेव्हा एका सहकाऱ्यांनी चष्मा पुसत विचारले, ‘मास्तर, शेठजींनी काय चोरी केली होती? व्यापार केला, कमावले, आणि वर दानही केले. तुम्ही-आम्ही शाळेच्या घंटेला तरी एक रुपया दिला आहे का?’

प्रश्न चोख आहे आणि त्याला चोख उत्तर दिले पाहिजे. चोरी केली असे मी म्हणत नाही. दान मोठे होते. मुंबईलाच नव्हे, कलकत्त्याच्या विद्यापीठालाही त्यांनी दिले, त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती तेथे प्रसिद्ध आहे. आपल्या हयातीत, बुडण्याच्या आदल्या वर्षी, विद्येसाठी इतके देणारा माणूस लहान नव्हे. त्यांच्या नावाची पाटी काढा असे कोणी म्हणेल, तर ती धरून ठेवायला मी आधी जाईन. पण दात्याचे नाव घेणे निराळे आणि दात्यापाशीच इतिहास संपवणे निराळे. पाण्याचा पेला देणाऱ्याला आपण दुवा देतो, म्हणून विहीर कोणी खणली हे विचारायचे नाही काय?

दुसरे सहकारी वऱ्हाडातले. ते म्हणाले, ‘अहो, त्या चार वर्षांत शेतकऱ्यालाही पैसा दिसला होता की!’ हेही खरे. भाव चढला तेव्हा खेड्यापाड्यांतही रुपया खुळखुळला. पण मग फरक कोठे पडला ते पाहा. मुंबईच्या पेढीवर जो पैसा आला त्याचा, वाळू हाती धरावी तसा निसटता निसटता का होईना, एक मनोरा झाला, एक ग्रंथालय झाले, आणि ते आजही उभे आहे. खेड्यात आला तो मात्र सावकाराच्या वहीत जिरला आणि साऱ्यात गेला. खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या त्या चार वर्षांचे स्मारक मला आमच्या तालुक्यात कोठे दिसले नाही. आमच्या मुलखाला जोडणारा थळ घाटाचा लोहमार्ग, आपण सहलीत उतरतो तोच हा कसारा घाट, तोदेखील पुरा झाला १८६५च्या आरंभी. म्हणजे माल जलद नेण्याची सोय झाली, आणि त्याच वर्षी मालाचा भाव बसला!

विद्यापीठाची गोष्ट काढली म्हणून आणखी एक सांगतो. विद्येच्या या मनोऱ्याशी शेतकऱ्याचे नाते काय, हा प्रश्न मी प्रथम विचारतो आहे असे नाही. मनोरा पुरा होऊन चारच वर्षे झाली होती. १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन ठेवले. सरकारी तिजोरीचा मोठा भाग कुणब्याच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, तेव्हा खेड्यातल्या प्राथमिक शाळांकडे आधी पाहा, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. एकाच दशकातली ही दोन कामे. एक दगडाचे, एक कागदाचे. पहिले आम्ही सहलीत दाखवतो, दुसरे वर्गात एखाद्या ओळीत उरकतो. दोहोंची गाठ घालून देणारा मास्तर मला माझ्या शाळेत भेटला नव्हता आणि मीही तसा झालो नव्हतो.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पूर्वी मॅट्रिकची परीक्षा हेच विद्यापीठ घेत असे. १८५९ साली त्यांनी ती पहिल्यांदा घेतली. माझ्या वेळेपर्यंत ती बोर्डाकडे गेली होती, तेव्हा या विद्यापीठाचा आणि माझा कागदोपत्री काही संबंध नाही. त्याच्या वर्गात मी कधी बसलो नाही. दर वर्षी मैदानाच्या कठड्याशी उभा राहून मी तो मनोरा खालून पाहतो. आत्महत्यांचे प्रकार घडू लागल्याने वरचा जिना लोकांना बंद झाला, त्यामुळे तो सर्वांनाच खालून पाहावा लागतो म्हणा! पण खालून पाहणाऱ्यांतही दोन जाती आहेत. एकाला वाटते, ‘केवढे हे वैभव, आपण कोण!’ दुसऱ्याला वाटते, ‘यात आपलेही काही आहे.’ आमच्या मुलांना मी आजवर पहिल्या जातीत घालत आलो, याची मला लाज वाटते.

आता माझ्या विषयाची एक गोष्ट. या मनोऱ्याचा आराखडा केला सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या नामांकित इंग्रज वास्तुकाराने. त्याने तो विलायतेत बसून काढला, मुंबई त्याने जन्मात पाहिली नाही. त्याचे नाव प्रत्येक माहितगार सांगतो. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या चोवीस मूर्ती आहेत. त्या घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्याच माणसाने. ते बांधकामावरचे साहाय्यक अभियंता होते. खालून डोळे ताणून पाहिले तर पागोटी आणि वेष यांचे आकार तेवढे ओळखू येतात. वीस वर्षे मी मुलांना नाक-डोळे काढायला शिकवतो, पण हे नाव मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. आणि मुकुंद रामचंद्रांना निदान नाव तरी आहे. दगड फोडणारे, छिन्नी चालवणारे आणि परातीतून चुना वर वाहून नेणाऱ्या बाया यांना तेही नाही. घड्याळ विलायतेचे, घंटा विलायतेच्या, त्यांवर पूर्वी वाजणाऱ्या सोळा सुरावटींत इंग्रजांचे राष्ट्रगीतही होते. पण २८० फूट उंचीवर दगड चढवणारा खांदा कोठला होता?

कोणी म्हणेल, दिवाळीच्या अंकात हे रडगाणे कशाला? आम्ही फराळाचे ताट पुढे घेऊन बसलो आहोत, आम्हांला काही गोड सांगा. वाचकहो, मला तर यात गोडच दिसते. आमच्या मुलांना मुंबईत गेल्यावर बुजायला होते. आपण खेड्यातले, येथले काही आपले नाही, असे त्यांना वाटते. त्या मुलांना जर कोणी सांगितले, की या शहराच्या सर्वांत देखण्या इमारतींपैकी एकीच्या पायात तुमच्या खापरपणज्यांचा कापूस आहे, तर त्यांची मान ताठ होणार नाही काय? दात्याचे मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट त्या दानाला शेकडो गावे येऊन मिळतात. २०१८ साली ओव्हलभोवतालच्या या इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. वारसा म्हणजे वारसदार आलेच. ते वारसदार फक्त मुंबईचे नव्हेत.

म्हणून माझ्या शिक्षक बंधुभगिनींना आणि सुट्टीत मुलांना घेऊन मुंबई दाखवायला निघणाऱ्या आईबापांना माझे हात जोडून सांगणे आहे. राजाबाई टॉवर असो, गोलघुमट असो, दौलताबादचा चांद मिनार असो की आपल्या गावातला एखादा वाडा असो, मुलांना तेथे नेल्यावर तीनच प्रश्न विचारायला शिकवा. कोणी बांधवला? पैसा कोठून आला? हात कोणाचे लागले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर मिळते. दुसऱ्याचे पुस्तकात शोधावे लागते. तिसऱ्याचे पुष्कळदा कोठेच मिळत नाही, पण प्रश्न विचारला गेला तर निदान जागा रिकामी आहे एवढे तरी मुलाला कळते. उंची किती फूट आणि पायऱ्या किती, हे पाठ करून कोणी शहाणा झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आईची गोष्टही जरूर सांगा. फक्त ती शेवटची गोष्ट नसावी.

सहलीहून आल्यावर मी त्या मुलीला बोलावले आणि म्हटले, ‘तू विचारले होतेस ना, त्याचे उत्तर हे असे आहे.’ फळ्यावर मी सनावळी मांडली. १८६१, १८६४, १८६५, १८६९, १८७५, १८७६, १८७८. वर्ग तिचा एकटीचा नव्हता, सारी आठवी बसली होती. एवढ्या सनांना मुले कंटाळतील अशी मला धास्ती होती. कंटाळली नाहीत. एकाने विचारले, अमेरिकेतल्या त्या गुलामांचे पुढे काय झाले? दुसऱ्याने विचारले, रोखे जाळल्यावर कर्ज फिटले का? ती मुलगी शेवटी म्हणाली, ‘सर, म्हणजे तेव्हाही भाव लांबच ठरत होता.’ या वाक्यावर मला काही शिकवण्यासारखे उरले नव्हते.

हे लिहितो आहे तेव्हा शेतांत वेचणी चालू आहे. पहिल्या वेच्याचा कापूस घरी आला की त्यातलाच मूठभर काढून आमच्याकडच्या बाया दिवाळीच्या पणत्यांसाठी वाती वळतात. बाकीचा खोलीत रचला जाईल आणि भावाची वाट पाहील. त्या मुलीच्या घरीही तेच चालले असेल.

यंदाही आमची सहल मुंबईला जाणार आहे. माहितगार गृहस्थ बोलवायचे नाहीत असे मी ठरवले आहे. ओव्हलच्या कठड्याशी पाच मिनिटांऐवजी एक तास थांबायचे, मुलांना कागद-पेन्सिल द्यायची, मनोरा रेखाटून घ्यायचा, आणि मग ही हकीकत मीच सांगायची, शेठजींच्या आईसकट आणि आमच्या कापसासकट. चौपाटीला उशीर झाला तर भेळ थोडी कमी खाऊ.